स्लॉटकर

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला नाव कर्नल ठेवतो आणि त्या नावाला नावं आमचे अण्णा ठेवतात.

पूर्वी कारभार सोपा होता. आधी सापडलं ते कार्ड ईथ-झिरो, नंतरचं ईथ-वन. पण आधी कोण सापडेल हे बूट होताना ज्याचं त्याचं नशीब. म्हणून युडेव्हने वही घातली: अमुक मॅक अॅड्रेस म्हणजे ईथ-झिरो. वही चोख, पण व्हर्च्युअल मशीन जन्माला येतं ते बहुधा क्लोन होऊन. क्लोनला मॅक नवा मिळायचा आणि वही मूळ मशीनची. युडेव्ह म्हणायचा, ईथ-झिरोची जागा गेली, तू ईथ-वन. कॉन्फिगमध्ये मात्र ईथ-झिरोच लिहिलेलं, त्यामुळे मशीन जगाशी अबोला धरून बसायचं. अण्णा कन्सोल उघडून ती रूल्सची फाइल उडवत, रीबूट मारत आणि चहाला जात.

2013 च्या जानेवारीत सिस्टमडीच्या 197 व्या आवृत्तीने नवी रीत आणली. नाव कार्डाच्या जागेवरून. ईएनपी-झिरो-एस-थ्री, म्हणजे इथरनेट, पीसीआय बस शून्य, स्लॉट तीन. आपल्याकडच्या सातारकर-कोल्हापूरकरांसारखंच. फक्त आपला सातारकर तीन पिढ्या पुण्यात काढूनही सातारकरच राहतो. हे गृहस्थ दोन घरं सरकले की आडनाव बदलतात. होस्टमध्ये एक एनव्हीएमई डिस्क वाढवा, बसचे क्रमांक सरकू शकतात. मग ब्रिज जुन्या नावाची वाट बघत राहतो आणि त्याच्या आधारावरची सगळी मशीनं एकदम गप्प.

व्हर्च्युअल मशीनच्या आत तर आणखी बहार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी-झिरो-एस-थ्री, व्हीएमवेअरमध्ये ईएनएस-33, नाहीतर थेट ईएनएस-192. एकशे ब्याण्णवावा स्लॉट! जिथे खोकंच नाही तिथे स्लॉट एवढे. केव्हीएमच्या होस्टवर बाहेरून बघाल तर त्याच कार्डाचं दुसरं टोक व्हीनेट-सेव्हन म्हणून वावरतं, आणि मशीन बंद करून चालू केलं की तो आकडाही बदलू शकतो.

"कर्नलच्या ओळीत नेट-डॉट-आयएफनेम्स शून्य टाक आणि मोकळा हो," हा अण्णांचा तोडगा. मला तो पटतो. दोन कार्डं असलेल्या मशीनवर पटत नाही, पण ते अण्णांना कोण सांगणार?

नव्या पोराने सांगितलं. "अण्णा, डॉट-लिंक फाइल लिहू. मॅकवरून आपल्याला हवं ते नाव."

"आणि क्लोन केल्यावर?"

"मॅक बदलेल."

"म्हणजे वहीच की रे!"

पण 'हवं ते नाव' अण्णांना आवडलं होतं. त्यांनी लगेच टाइप करायला लावलं: अकाउंट्स-बॅकअप-टू. इंग्रजी अक्षरांत, रेघा आणि आकडा धरून, सतरा. लिनक्स पंधराच्या पुढे जाऊ देत नाही.

"दोन जास्त होतायत, अण्णा. काय काढू?"

"बॅकअप काढ. तसाही कोणी घेत नाही."