पेण ते रोहा : बर्फवृष्टीची शक्यता

(जानेवारीची सकाळ. रोह्याकडे जाणारी मेमू पेण स्टेशनात थांबलेली. डब्यात चौघं : कानटोपी घातलेला फार्महाऊसवाला, भूगोलाचे निवृत्त मास्तर, हमरापूरला चढलेला गणपतीवाला आणि मांडीवर पोह्याच्या पापडांची पिशवी घेतलेली मावशी.)

फार्महाऊसवाला : मास्तर, एक विचारू? रोह्याला बर्फ पडण्याची शक्यता किती?

मास्तर : कुठून? मासळीच्या टेम्पोतून?

फार्महाऊसवाला : आभाळातून हो! यंदाची हवा बघताय ना? काल रात्री मी दोन गोधड्या घेतल्या.

गणपतीवाला : दोन गोधड्यांत बर्फ होत नाही, शेठ. फार तर घाम येतो.

फार्महाऊसवाला : चेष्टा नको. नदीकाठी कॉटेजं बांधलीत मी. उतरतं छप्पर, वर धुराडं. आर्किटेक्ट म्हणाला, अगदी स्वित्झर्लंड दिसतं. आता स्वित्झर्लंड दिसतंय तर गिऱ्हाईक विचारतंच ना, बर्फ कधी?

मावशी : धुराड्याखाली चूल हाय का?

फार्महाऊसवाला : नाही मावशी, धुराडं नुसतं बघायला.

मावशी : अगोबाई.

मास्तर : हे बघा, मुंबईचा आजवरचा नीचांक 22 जानेवारी 1962 चा. सांताक्रूझला 7.4 अंश. त्याच्या खाली मुंबईचा पारा काही गेलेला नाही.

फार्महाऊसवाला : म्हणजे सात अंशांसाठीच राहिलं!

मावशी : आमच्या फ्रिजात भाजीच्या कप्प्यात एवढंच असतं. कोथिंबीर चांगली राहते. बर्फ नाय होत.

मास्तर : मावशींनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं ऐका. आपल्याकडे कडाक्याची थंडी आणतो उत्तरेचा कोरडा वारा. तो आला की आभाळ लख्ख. दिवसभराची जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते, म्हणून पहाटे काकडायला होतं. ढग आले की ती ऊब अडते आणि पारा वर चढतो. बर्फाला थंडी आणि ढग दोन्ही एका वेळी लागतात. कोकणात ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

गणपतीवाला : आणि बघूच नये! जानेवारीत ढग आले की माझा शाडू वाळत नाही. रंग चढत नाही. तिकडे आंबेवाल्याच्या मोहोरावर तुडतुडे बसतात. थंडी पळाली की वालाच्या शेंगा धड भरत नाहीत, मग पोपटी लावायची कशाची? मडक्यात नुसता भांबुर्डा घालून?

मावशी : माझे पापड कोण वाळवणार? शेठचं धुराडं?

फार्महाऊसवाला : पण महाबळेश्वरला पडतो की! दर हिवाळ्यात पेपरात फोटो असतो. वेण्णा तलावाची जेटी पांढरीशुभ्र, शेजारी कोणीतरी हातात चमचाभर बर्फ घेऊन हसतोय.

मास्तर : चमचाभर कळलं ना तुम्हाला? वरून काही पडलेलं नसतं. वारा नसलेल्या, निरभ्र रात्री गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं. ऊन चढलं की त्याचं पाणी. आणि तेसुद्धा साडेतेराशे मीटरवर. आपण समुद्राला चिकटून. भरतीचं पाणी खाडीतून आत येतं आपल्याकडे.

फार्महाऊसवाला : म्हणजे प्रश्न फक्त उंचीचा. किती लागेल?

गणपतीवाला : हे भराव घालायच्या बेतात आहेत, मास्तर. जपून सांगा.

मास्तर : हवा साधारण किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते. जानेवारीत आपल्या डोक्यावर शून्य अंश सापडतं ते चार-साडेचार किलोमीटरवर. कळसूबाई 1646 मीटर. एकीवर एक अशा तीन कळसूबाई रचल्यात, तर सगळ्यात वरच्या देवळाच्या पायरीवर तुमचं काम होऊ शकेल. ढग आले तर.

फार्महाऊसवाला : पण आपण इतके दक्षिणेला, त्याचं काही आडवं येत नाही?

मास्तर : उंची असेल तर नाही. हवाई बेटावरचा मौना केआ रोह्याहून जेमतेम दीड अंश उत्तरेला. उंची 4207 मीटर. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ पडतो. आणि खाली किनाऱ्यावर नारळ.

फार्महाऊसवाला : नारळ आहेत माझ्याकडे! बावीस!

गणपतीवाला : झालं की मग अर्धं काम.

(गाडी सुटते. कासू मागे पडतं. फार्महाऊसवाला मोबाइलवर हिशेब करतोय.)

मास्तर : तुमच्या कॉटेजांपासून भिरा किती लांब?

फार्महाऊसवाला : जवळच. नदीनेच वर गेलं की. का?

मास्तर : 2017 च्या मार्चअखेर भिऱ्याला 46.5 अंशांची नोंद झाली. देशभर बातमी झाली होती. तुम्ही त्या भिऱ्याच्या खाली बर्फाची वाट बघताय.

फार्महाऊसवाला : (हळू आवाजात) हे गिऱ्हाइकांना नका सांगू.

गणपतीवाला : शेठ, आपल्या जिल्ह्यात बर्फ पडतो बरं का. खोपोलीजवळ, इमॅजिकाच्या स्नो पार्कात. आत बर्फ, बाहेर वडापाव. पोरांना नेलं होतं मी.

फार्महाऊसवाला : ते यंत्राचं. मला नैसर्गिक पाहिजे.

गणपतीवाला : मग मीठ घ्या! पेणची मिठागरं आहेतच. दोन ट्रक पसरा अंगणात. लांबून गुलमर्ग.

मावशी : अन् जवळून? एवढं मीठ मुळाशी पडलं तर झाड मरतं. बावीस माड जातील पोराचे.

गणपतीवाला : बरं, मीठ नको. कारखान्यातली प्लास्टरची धूळ देतो. फुकट. माझ्या केसांवर वर्षभर पडते, पोरं मला पांढरा म्हातारा म्हणतात.

(नागोठणं. शेतांवर आणि अंबेच्या पात्रावर दाट धुकं. मावशी पदर डोक्यावर घेते.)

फार्महाऊसवाला : मास्तर… हे धुकं?

मास्तर : हे मात्र अस्सल. जमीन रात्रीत गार झाली, खाडीकडची दमट हवा तिच्यावर टेकली. रोह्याला कुंडलिकेवर याहून दाट मिळेल.

फार्महाऊसवाला : दर हिवाळ्यात?

मास्तर : बऱ्याचदा. पण रोजचा भरवसा नाही. आणि आठ-साडेआठला ऊन तापलं की साफ.

फार्महाऊसवाला : (मोबाइल कानाला लावत) हॅलो, तो बोर्ड रंगवायला घेतलास का? थांब. 'स्नो व्ह्यू' खोड. 'मिस्ट व्ह्यू' लिही. आणि खाली बारीक अक्षरात टाक : चेकआउट सकाळी साडेसात.