पाऊण मिलिमीटरचं धाडस

सर्वप्रथम एक जुनी मारुती ८०० हवी. फेंडरच्या कडेला आणि पायाखालच्या पत्र्याला भोकं असतील तर उत्तम. भोकांशिवाय वेल्डिंग मशीन घ्यायचा मुद्दा घरात टिकत नाही.

दुकानदार २०० अँपिअरचा आकडा दाखवेल. मान डोलवा आणि विचारा, "खाली कितीपर्यंत उतरतं?" तो गडबडला की समजा, प्रश्न बरोबर होता. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. त्याला वीस-तीस अँपिअर पुष्कळ झाले. दहावर जे मशीन थरथरत नाही, ते तुमचं.

खोक्यावर 'टिग' (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आडोशात होणारं वेल्डिंग) छापलंय एवढ्यावर भाळू नका. स्वस्तातली बरीच मशिनं मुळात रॉडच्या वेल्डिंगची असतात. त्यांत गॅसचा व्हॉल्व्ह टॉर्चवर हाताने फिरवायचा आणि काडी ओढावी तसा टंगस्टन पत्र्यावर घासून आर्क पेटवायचा. टंगस्टन चिकटतो, टोक बिघडतं, आणि तुमची दुपार ग्राइंडरपाशी टोक काढण्यात जाते. म्हणून एचएफ स्टार्ट बघाच: पत्र्याला न टेकता, बटण दाबलं की आर्क. पायाचं पेडल जोडता आलं तर सोन्याहून पिवळं. एसी-डीसी मशीन ॲल्युमिनियमसाठी. मारुतीला साधं डीसी पुरतं. "पुढेमागे लागेल," असं दुकानदार म्हणेल. पुढेमागे विमानही लागेल.

पैसे वाचल्याचा आनंद गॅसवाल्याच्या दारापर्यंतच. आर्गनच्या सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, आणि मग दर वेळचं रिफिल. मिनिटाला सहा ते आठ लिटर सोडा. जास्त सोडलात तर झोत खळबळतो, हवा आत ओढतो आणि जोडाला बारीक छिद्रं पडतात. पंखाही बंद ठेवायचा. हो, मे महिन्यातसुद्धा.

रंग, लांबी, गंज घासून पत्रा चकचकीत करा. या घासकामातच निम्म्या नवशिक्यांचा छंद सुटतो. जे उरतील त्यांनी जोड सलग ओढू नये. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब. मधला पत्रा हाताला थंड लागेपर्यंत चहा प्या. घाई केलीत की पत्रा फुगतो, आणि मग डेंटरकडे जाऊन त्याचं हसू सोसावं लागतं. भोक पडेलसं वाटलं तर मागून तांब्याची पट्टी धरा; ती जोडाला चिकटत नाही आणि उष्णता ओढून घेते. सुरुवातीला बॅटरीच्या वायरी काढा. पेट्रोलच्या टाकीच्या आसपास मात्र वेल्डिंग करूच नका. हे थट्टेत लिहिलेलं नाही.

ऑटो-डार्क हेल्मेट घेताना कंजुषी नको. वीस अँपिअरचा बारीक आर्क स्वस्त सेन्सरला कळत नाही, काच मध्येच उजळते आणि डोळे दिपतात. जोडीला हातात धरायचं काळ्या काचेचं एक शील्ड घ्या. ते बघ्यांसाठी. गॅरेजचं शटर वर दिसलं की गल्लीतले काका "काय चाललंय?" म्हणत येणारच, आणि सरळ आर्ककडेच बघणार.