नेमकी कुरकुर

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा मागे पडतो, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण येतं, कर्नाळ्याचा सुळका मान वर करून बघावा लागतो आणि मग पेणच्या अलीकडे तारा हे गाव लागतं. तिथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या दोन्ही घोषणांचं श्रेय ज्या मेहेरअलींना दिलं जातं, त्यांच्या नावाने १९६१ साली सुरू झालेली ही संस्था. परक्यांना दोनदा दार दाखवणाऱ्या माणसाच्या अंगणात आज परक्या देशांतली पोरं पाठीवर बोचकं घेऊन, स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून राहायला येतात, आणि ‘चालते व्हा’ऐवजी त्यांना ‘चहा घेणार का?’ असं विचारलं जातं. यजमान मंडळी थोड्याच दिवसांत समाधानाने सांगतात, “रुळला हो आता.” पुरावा काय? तर हाताने जेवतो, कुडता घालतो, नमस्कार करतो. एवढं तर जावईसुद्धा दिवाळसणाला करतो. त्यावरून पोरगा चांगल्या घरचा आहे इतकंच ठरतं. रुळल्याची खूण पाहायची तर त्याची कुरकुर नेमकी झाली का, ते पाहावं.

नव्याची कुरकुर ओळखायला सोपी. उकाडा फार, हॉर्न फार, तिखट फार, डासांचं तर विचारूच नका. ही तक्रार पनवेलची नव्हेच. ती नागपुरात बसून करता येते आणि इकडे न येताही करता येते. पण त्याला पेणच्या मिनीडोरमध्ये, म्हणजे भरल्याशिवाय न सुटणाऱ्या तीनचाकी रिक्षात, बसवा. चालक “पेण, पेण, पेण, एकच सीट!” असा पुकारा करत असतो. आत दोन माणसं असली तरी एकच सीट, पाच झाली तरी एकच सीट. पाहुणा घड्याळ बघतो, सुटायची वेळ विचारतो. चालक “निघालोच” म्हणतो आणि चहा प्यायला जातो. काही आठवड्यांनी तोच पाहुणा रिकाम्या मिनीडोरकडे ढुंकूनही पाहत नाही. निम्मी भरलेली गाठतो, बोचकं मांडीवर घेतो, शेजारच्या मावशींची पाटी पायांशी सरकवून घेतो आणि नव्याने चढणाऱ्याकडे कपाळाला आठी घालून बघतो. ही आठी कुठल्या परिचयवर्गात शिकवत नाहीत. मग हळूहळू त्याच्या तोंडी रविवारचा हार्बर लोकलचा मेगाब्लॉक येतो, २०११ पासून रुंद होत असलेला महामार्ग येतो. ‘भारतात ट्रॅफिक फार’ म्हणतो तो पाहुणा. ‘शुक्रवारी संध्याकाळी पळस्प्यावरून कोण शहाणा जातो?’ म्हणतो तो पनवेलकर.

यावर सात्त्विक मंडळी म्हणतील, एवढ्या मायेने ठेवून घेतलेल्या पोराने कुरकुरावं हा कृतघ्नपणाच झाला. पण जेवताना रोज ‘भाकरी छान झालीय’ म्हणणारा पाहुणाच राहतो. ‘आज मीठ कमी पडलंय’ म्हणायची हिंमत घरच्यालाच होते. शिवाय कौतुक माहितीपत्रकातून उचलता येतं, कुरकुर स्वतः कमवावी लागते. पळस्प्याला शिव्या द्यायच्या तर पळस्प्यात अडकून पडावं लागतं, आणि पाण्याच्या वेळेवर बोलायचं तर बादली घेऊन पहाटे उठावं लागतं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पनवेलमध्ये कुरकुरीला कच्चा माल मुबलक. पण आपली पोरं सुधारलेल्या देशांत जातात, त्यांनी कशावर कुरकुरावं? जर्मनीचंच बघा. इथला मुलगा तिकडे इंटर्न म्हणून गेला की पहिल्या फोनवर स्वच्छता, शिस्त आणि मिनिटावर धावणाऱ्या गाड्या यांची आरती ऐकवतो. हा अजून विमानातून उतरलेलाच नाही असं खुशाल समजावं. २०२४ मध्ये डॉइच बान या तिथल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी दूध विसरलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. रिकाम्या बाटल्या टाकायच्या तर पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी वेगळ्या, आणि त्याही रविवारी नाहीत, कारण शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. ज्या दिवशी पोरगा नमस्काराआधी “आज पुन्हा गाडी रद्द!” म्हणून सुरुवात करतो, त्या दिवसापासून आईने काळजी सोडावी.

मग सगळ्यात किरकिरा पर्यटक तोच सगळ्यात रुळलेला म्हणायचा का? मुळीच नाही. पर्यटकाची तक्रार अख्ख्या देशाबद्दल असते आणि खिशात परतीचं तिकीट असतं. रहिवाशाची तक्रार एका फाट्याची किंवा एका नळाची असते, आणि उद्या गाठ पुन्हा त्याच नळाशी असते. पर्यटक ती घरी कळवतो. रहिवासी शेजारच्या सीटवरच्याला सांगतो, आणि तो तत्परतेने स्वतःची भर घालतो. मराठी येत नसलं तरी “काय हा रस्ता!” एवढ्यावर पेणपर्यंत दोस्ती निभावते. आता पनवेल तालुक्यात विमानतळ झाला, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली, म्हणून हे शिक्षण बुडेल अशी भीती नको. विमानतळापासून पुढे तारा गावापर्यंत रस्ता आहेच. संस्थांनी मात्र इंटर्नशिपच्या शेवटी अहवालाऐवजी तीन तक्रारी लिहून घ्याव्यात. ‘गर्दी, गोंगाट, घाण’ लिहिणाऱ्याची मुदत वाढवावी. कोणत्या पुलाजवळचा खड्डा पहिल्या पावसात उघडतो हे लिहिणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावं आणि त्याचा कागद महामार्ग खात्याकडे रवाना करावा. तिथून उत्तर आलं नाही म्हणून तो पुन्हा कुरकुरला, तर त्याला विशेष प्रावीण्य द्यायला हरकत नाही.