स्लो धरत नाही

आमची लाकूड कापायची मशीन गार असताना अगदी देवमाणूस. चोक ओढला, दोरीला दोन-तीन हिसके दिले की उठते आणि बांधावरच्या वेड्या बाभळीची मांडीएवढी फांदी कुरकुर न करता उतरवते. बिघडते ती विश्रांतीत. थोडं काम झालं, अंग तापलं आणि पुढच्या फांदीकडं वळायला ट्रिगर सोडला की फट्‌दिशी बंद. काम आहे तोवर ठणठणीत, रिकामं बसवलं की आजारी. निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचं होतं तसं.

बीड जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी शिवारात चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळिशीच्या पुढं असतो. पण मशीन बंद पडू द्या, कुठून कुठून माणसं उगवतात! आणि प्रत्येकाचं निदान स्वतःच्या घरातल्या दुखण्यावरून. बोअरची मोटर नुकतीच भरून आणलेले आबा लांबूनच म्हणाले, "वायंडिंग गेलंय." दूधवाल्याच्या मोटरसायकलीत परवा कचरा अडकला होता, त्यामुळं इथंही कचराच. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "एअर धरलाय, पंप मारा." या मशीनला तसला पंपच नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. आजी तेवढ्या समजूतदार. त्या म्हणाल्या, "सकाळपासून पळवायलात तिला, घोटभर पाणी दिलं का कुणी?"

मतं अशी चहूकडं पांगलेली असली, तरी उपायावर मात्र एकमत होतं. "रेस वाढव की!"

आता हा रेसचा स्क्रू म्हणजे मोठं प्रकरण. तो पिळला की मशीन बंद पडत नाही, हे खरं. पण त्या बंद न पडण्याची किंमत कोण देणार, ते कुणी विचारत नाही. मशीनच्या पोटात क्लच असतो. इंजिन सावकाश चालतं तेव्हा तो सुटलेला राहतो आणि चेन जागच्या जागी थांबते. वेग वाढला की तो आपोआप धरतो. रेस नको तेवढी वाढवली की ट्रिगर सोडला तरी चेन फिरत राहते. आमच्या सल्लागारांचं ऐकून स्क्रू पिळला, मशीन जमिनीवर टेकवली आणि ती आबांच्या धोतराच्या सोग्याकडं आपणहून निघाली. वायंडिंगवरची चर्चा तिथंच संपली.

मग मशीन तालुक्याला नेली. तिथले मिस्त्री थोर माणूस. दुकानात पोचेपर्यंत मशीन गार झाली होती, त्यामुळं त्यांच्या पुढ्यात ती आदर्श सुनेगत वागू लागली. दुसरा एखादा "काही झालेलं नाही" म्हणून पैसे घेऊन मोकळा झाला असता. यांनी दुकानामागं पडलेला लिंबाचा ओंडका दाखवला. "कापा. बंद पडली की मला हाक मारा." गार मशीनचं दुखणं बघायचं नसतं, हे त्यांचं पहिलं सूत्र.

हाक मारली. त्यांनी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण जरा सैल केलं आणि कान लावला. टाकीत हवा जायची बारीक वाट भुश्श्यानं बुजली असेल, तर पेट्रोल खाली उतरतं तशी आत पोकळी होते, पुरवठा तुटतो, आणि झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. सुस्कारा आला नाही. मग फडक्यानं धरून गरम प्लग काढला, परत टोपीत घालून सिलिंडरला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी टचकन उडाली. काही कॉइल तापल्यावरच दगा देतात, गार झाल्या की पुन्हा शहाण्या. म्हणून ही परीक्षा तापलेली असतानाच घ्यायची. आबांचं वायंडिंग निर्दोष सुटलं.

प्लगचं टोक मात्र पांढुरकं होतं. तांबूस हवं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधलं रबर मिस्त्रींनी वाकवून, ताणून पाहिलं, कारण बारीक चीर असली तर ती तापल्यावर उघडते आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. चीर नव्हती. शेवटी कार्बोरेटर उघडला आणि रबराची एक पातळ चकती माझ्या तळहातावर ठेवली. "दाबा." दाबली, तर वाळल्या पापुद्र्यासारखी करकरली.

मोटरसायकलच्या कार्बोरेटरात वाटी आणि फ्लोट असतो. ही मशीन आडवी-उलटी कशीही धरावी लागते, वाटीतलं पेट्रोल सांडायचं. म्हणून पेट्रोलाचं दार उघडायचं काम या लवचिक चकतीकडं असतं. चकती कडक झाली की दार पुरतं उघडत नाही. त्यात तापलेल्या इंजिनाला चिकटून कार्बोरेटरही तापतो, पेट्रोल वाफ धरू लागतं. जोर दिल्यावर ओढ मोठी असते म्हणून कसंबसं भागतं. स्लोवर ओढच कमी, मग उपासमार.

चकती कडक का झाली, ते ऐकून मात्र मी गप्प झालो. मशीन चालवतो माझा चुलतभाऊ. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास तो उचल घेऊन बायकोसह ऊसतोडीला जातो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. ते कारखान्यावर असतात तेव्हा मशीन इथं माळ्यावर, टाकीत पेट्रोल तसंच. आणि पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं. बऱ्याच चेन सॉ कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, महिनोन्‌महिने साठून राहिलं तर असल्या रबराला बाधतं, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळं जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं.

इथेनॉल धान्यापासून होतं तसं उसापासूनही होतं. म्हणजे आमच्या दादानं कुठल्याशा फडात तोडलेला ऊस डिस्टिलरी फिरून त्याच्याच टाकीत परत आला असेल, अशी दाट शक्यता. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तोडणी आमची अन् दुरुस्तीबी आमचीच व्हय? कोयता बरा म्हनायचा, स्लोला बंद तर पडत न्हाई."

मिस्त्रींनी नवी चकती घातली, कमी वेगाच्या पेट्रोलचा स्क्रू किंचित उघडला, मग रेस खाली आणून चेन थांबते का ते पाहिलं. मशीन आता गरम असतानाही स्लो धरते.

तुमच्याकडं अशी मशीन असेल तर हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरातलं उरलेलं पेट्रोल ती आपोआप बंद पडेपर्यंत जाळून टाका. पुढच्या वेळी ताज्या पेट्रोलात, पुस्तिकेत असेल त्या मापानं टू-स्ट्रोक ऑइल घाला. बऱ्याच मशीनना लिटरमागं 20 मिली लागतं. आणि बांधावर जमलेल्या जाणकारांना चहा जरूर पाजा, पण स्क्रू ड्रायव्हर हातात देऊ नका.