हौशी परवानाधारक

हौशी परवानाधारक महाराष्ट्रात सर्वत्र सापडत असला, तरी पुण्याभोवतीचा हवेली-मुळशीचा पट्टा हे त्याचे मुख्य वसतिस्थान. वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे. थोडी जमीन विकलेली, उरलेलीवर मंगल कार्यालय, दारात पांढरी गाडी. लोक पाठीमागे त्याला गुंठामंत्री म्हणतात आणि समोर दादा. त्याला शत्रू फारसे नसतात. असलाच तर बांधाला बांध असलेला चुलतभाऊ, आणि त्याच्याशी चाललेला दावा दिवाणी न्यायालयात तारखा घेत सुखाने नांदत असतो. तरीही शस्त्र परवान्याच्या अर्जातल्या कारणाच्या रकान्यात तो ‘आत्मसंरक्षण’ असे लिहितो. हौस हे कारण कायद्याला मान्य नसल्याने त्याचा इलाज नसतो.

अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. मग चौकशी, जबाब, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि ज्याच्यावाचून भारतात काहीच घडत नाही त्या झेरॉक्सा. बहुतेकांचे अर्ज इथेच गारद होतात. परवाना ज्याच्या हातात पडतो तो पेढे वाटतो आणि त्याच संध्याकाळी मुख्य प्रश्नाला हात घालतो: घ्यायचे काय?

हा काळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा असतो, म्हणून तो शक्य तितका लांबवला जातो. परवान्यावर शस्त्र घ्यायची मुदत घातलेली असते. ती नसती, तर काहींचा निर्णय नातवंडांच्या लग्नापर्यंत झाला नसता. खरे तर निवडीला वाव फारच थोडा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने काही बोर सामान्य नागरिकाला बंद ठेवले आहेत. ९ एमएम, .४५ आणि .३०३ त्यांत येतात, म्हणजे सिनेमात पाहून जे जे हवेसे वाटते ते बहुतेक सगळेच. परवान्यावर ‘एनपीबी’ (म्हणजे बंदी नसलेला बोर) ही तीन अक्षरे पाहिली की हौशी माणूस पहिले काही दिवस ग्लॉक पिस्तुलाबद्दलच बोलतो. त्याचे वजन, त्याची पकड, ते पाण्यात बुडवले तरी चालते म्हणतात, वगैरे. आठवडाभराने कोणीतरी सांगते की त्याचा खपाचा बोर ९ एमएम, आणि तो आपल्याला चालत नाही. त्यावर तो म्हणतो, “माहितीये रे, मी आपलं सांगतोय.”

उरते ते असे. कमरेला लावायचे तर .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. फारच हलके हवे तर .२२. खांद्यावर टाकायची तर .३१५ ची रायफल किंवा बारा बोरची दुनळी. यातल्या .३१५ ला इतिहास आहे. .३०३ हा फौजेचा बोर म्हणून इंग्रजांनी तो मुलकी लोकांना बंद केला, तेव्हा ही रायफल हिंदुस्थानी शिकाऱ्यांच्या सोयीसाठी पुढे आली. फौजेची रायफल जवळजवळ तीच, गोळी तेवढी निराळी. हौशी परवानाधारकाला ही माहिती अतिशय आवडते आणि तो ती लग्नाच्या पंगतीत सांगतो. प्रत्यक्षात रायफल तो घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, आणि रायफल लावून पंगतीत बसता येत नाही.

दुनळीचेही तसेच. कोकणातला बागायतदार रानडुकरांनी आणि माकडांनी हैराण होऊन पीकसंरक्षणासाठी परवाना काढतो आणि मुकाट्याने ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक घेतो. तो चर्चा करत नाही. त्याला फक्त बार मोठा व्हायला हवा असतो. म्हणून तो या नोंदीत बसत नाही.

म्हणजे प्रश्न .३२ वर येऊन थांबतो, आणि तिथून खरी घुसळण सुरू होते. पूर्वी बाहेरची शस्त्रे येत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सर्वसामान्य आयात बंद झाली, तेव्हापासून जुने वॉल्थर किंवा स्मिथ अँड वेसन एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहते आणि दर फेरीला महाग होते. जर्मनीत जे घेताना कुणी फारसा विचार करणार नाही, त्याला इथे कित्येक लाख मोजावे लागतात. ज्या काळात माणसाने आजोबांची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची आणली, त्याच काळात आजोबांच्या पिस्तुलाची किंमत त्यांच्या वाड्यापेक्षा चढली. हौशी परवानाधारक असले पिस्तूल पाहायला सांगली-साताऱ्यापर्यंत जातो, हातात घेतो, नळीतून उजेडाकडे पाहतो, चहा पितो आणि परत येतो.

परत आल्यावर देशी बनावट. त्यात आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर हे जुने खोड. त्याची ठेवण इंग्रजांच्या वेब्लीची. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे कलते, मधली चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम उचलल्या जातात. दुकानात ही क्रिया करून दाखवली की गिऱ्हाईक अर्धे खपलेच. तो ती स्वतः करून पाहतो. मग पुन्हा. चौथ्या वेळी दुकानदार रिव्हॉल्व्हर हळूच काढून घेतो आणि म्हणतो, “दादा, रिकाम्यावर चाप नका ओढू, पिन जाते.” २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ आले. वजन अर्धा किलो, खास बायकांसाठी म्हणून जाहीर केलेले, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. हौशी परवानाधारक ते हातात घेऊन “मिसेससाठी बघतोय” असे सांगतो. मिसेसला यातले काही ठाऊक नसते, आणि तेवढ्या पैशांत पाटल्या येतात हे तिला तोंडपाठ असते. पुढे २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याची नळी कलत नाही, चक्री बाजूला उघडते, आणि पल्ला ५० मीटर सांगितला जातो. ज्याने जुने घेऊन सहा महिने झाले होते, त्याला तो आठवडा फार जड गेला.

पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्व्हर, हा या वर्गातला द्वैत-अद्वैताचा वाद. पिस्तूल चपटे, शर्टाखाली दिसत नाही. हा कोणाला गुण वाटतो, हौशी माणसाला दोष. शिवाय पिस्तुलात काडतूस अडकते, असे त्याला एका निवृत्त सुभेदाराने सांगितलेले असते. हा सुभेदार प्रत्येक गावात असतो. सगळी नोकरी त्याने खांद्यावरच्या रायफलीबरोबर काढली, तरी पिस्तुलावरचे त्याचे मत अंतिम मानले जाते. उलट बाजूला भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, मोबाइलवर अमेरिकी नेमबाजांचे व्हिडिओ पाहतो आणि रिव्हॉल्व्हरला “आजोबांचं हत्यार” म्हणतो. दोघांच्या मध्ये दुकानदार शांत. त्याच्याकडे जे शिल्लक आहे तेच सर्वांत चांगले, हे त्याने आधीच ठरवलेले असते. वाद महिनोन्‌महिने चालतो. .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि .३२ पिस्तुलाचे काडतूस ही दोन निराळी असतात, एकाचे दुसऱ्यात चालत नाही, ही साधी गोष्ट या सगळ्या चर्चेत सहसा शेवटी कळते. तीही दुकानात, पैसे देताना.

शेवटी रिव्हॉल्व्हरच घेतले जाते. काडतुसे खडकीची. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली की पुणेकराला उगाचच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे दोन आकडे परवान्यावर लिहिलेले असतात, आणि झाडलेल्या काडतुसांचा जाब केव्हाही विचारला जाईल या धाकाने मालक ती झाडतच नाही. दर रविवारी पेपर पसरून तो ती मोजतो, पुसतो आणि परत डबीत लावतो. स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, ते तेलाचे हात पडद्याला नका पुसू.” बायकोचा या शस्त्राशी संबंध एवढाच.

रिव्हॉल्व्हर घेतल्यानंतर जाणवणारी पहिली गोष्ट म्हणजे त्याचे वजन. पाऊण किलोच्या आसपासचा ऐवज कमरेला अडकवला की विजार एका बाजूने उतरू लागते. म्हणून जाड पट्टा येतो, पट्ट्याला शोभेल असे चामड्याचे म्यान येते, आणि म्यान दिसावे म्हणून शर्ट आत खोचला जातो. म्यानाबाहेर काढून मिरवायला नियमाने मनाई आहे. लग्नात किंवा वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मॉलच्या दारात शिपाई अडवतो, न्यायालयात नेता येत नाही, देवळात पुजारी भुवया उंचावतो, आणि विमानातून न्यायचे तर आधी सांगून, कागद दाखवून, सामानात द्यावे लागते. महिन्याभरात शस्त्र कपाटात स्थिरावते. त्याच्यामुळे आता घर सोडून बाहेरगावी राहता येत नाही. संरक्षणासाठी आणलेल्या वस्तूचे संरक्षण कोण करणार?

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते सन्मानाने बाहेर येते. पाटावर लाल कापड, शेजारी कोयता, पाना, गाडीची किल्ली, मुलाचा लॅपटॉप आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. आई हळदकुंकू वाहते आणि ते नेमके चक्रीच्या खाचेत जाते. वर झेंडूचे पाणी. दुकानदाराकडे दिवाळीच्या आधी शस्त्रे दुरुस्तीला येतात, त्यांतली कित्येक या भक्तीनेच अडलेली. तो सुईने कुंकू उकरतो आणि कोणाला काही बोलत नाही.

निवडणूक हा मात्र मोठा प्रसंग. आचारसंहिता लागली की छाननी होते आणि ज्यांना नोटीस येईल त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे. ज्या महिन्यात गावात डोकी फुटण्याचा खरोखर संभव, त्याच महिन्यात आत्मसंरक्षणाचे साधन ठाण्याच्या कपाटात चिठ्ठी बांधून पडलेले असते. यावर हौशी परवानाधारक तक्रार करतो, पण ती लटकी. ठाण्यात त्याला खुर्ची मिळते, पावती मिळते, आणि चार लोक पाहतात. खरा अपमान होतो तो नोटीस न आलेल्याचा. “आमचं का नाही जमा करून घेतलं?” असे विचारायला गेलेल्या माणसाला हवालदार म्हणाला, “तुमच्याकडनं काय धोका नाही ना साहेब,” तर तो पुढच्या ग्रामपंचायतीला उभा राहण्याचा विचार करू लागतो.

खऱ्या नेमबाजाशी त्याचे नाते दुरून नमस्काराचे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला. तिघेही कोल्हापूरचे, आणि “ते पाण्यातच आहे तिथल्या” हा त्याचा निष्कर्ष. या मंडळींचे शस्त्र .२२ चे, हे ऐकून तो थोडा खट्टू होतो. एकदा कोणाच्या आग्रहाने तो नेमबाजीच्या रेंजवर जातो. तिथे चौदा वर्षांची मुलगी बिनपरवान्याच्या एअर रायफलीने काळ्या वर्तुळाच्या मध्यावर एकामागून एक छर्रे बसवत असते. तो अर्धा तास पाहतो आणि घरी येऊन सांगतो की त्या रायफलीला धक्काच नसतो, त्यात काय एवढे.

पहिल्या खरेदीने हौस भागत नाही. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ पासून दोनच. त्यामुळे दुसरे कोणते, हा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण होऊन बसतो, कारण आता चुकायला जागा नाही. सुभेदार पुन्हा बोलावला जातो. भाचा आता नोकरीला लागलेला, पण त्याचे मत बदललेले नाही. .३१५ ची कहाणी पुन्हा सांगितली जाते. सांगलीचे वॉल्थर अजून तिथेच आहे, भाव मात्र वाढला आहे. दुसरी जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, आणि ती रिकामी असेपर्यंत दुकानात गेल्यावर खुर्ची आणि चहा मिळत राहतो, म्हणून ती भरण्याची त्याला घाईही नसते.

वयाची सत्तरी ओलांडली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे जवळ राहिले, की ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला स्वतः परवान्याला पात्र ठरावे लागते, म्हणजे पुन्हा चौकशी, जबाब, दाखला आणि झेरॉक्सा. मुलगा हे सगळे करायला तयार असतो. फक्त त्याला रिव्हॉल्व्हर नको, पिस्तूल हवे. त्यावर वडील त्याला समोर बसवतात आणि पिस्तुलात काडतूस कसे अडकते ते पहिल्यापासून सांगायला घेतात.