फॉर्ममध्ये काय लिहिलंत?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कंपाऊंडला टेका, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. त्या टोकाच्या घरातल्या काकूंचा धाकटा, इगतपुरीला चालला होता ना दहा दिवस विपश्यनेला... कॅन्सल! आणि कॅन्सल केलं कुणी, तर थोरल्या सुनेनं. ती हॉस्पिटलात नर्स आहे ना, कामोठ्याला, तीच. भर ओटीवर झालं सगळं. मी मेथी निवडत होते, जुडी हातातच राहिली.

आता ह्या मुलाचं काय चाललंय ते अख्ख्या ओवेगावाला ठाऊक आहे. ठरलेलं लग्न मोडलं, मग नोकरी सोडली, मग झोपच उडाली. रात्ररात्र गच्चीवर फेऱ्या. मध्येच एकदा आठवड्यात तीन धंदे काढायला निघाला होता, आठवतंय ना? वाशीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा कुठं घर थाऱ्यावर आलं. गोळ्यांचं काकूंनी कुणाला सांगितलेलं नाही हं, पण तो मेडिकलवाल्याचा पोरगा... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, सगळं सुरू झालं ते समोरच्या सोसायटीतल्या बँकवाल्या काकांपासून. ते मध्यंतरी बेलापूरला जाऊन आले. आपल्या पारसिक हिलवर केंद्र आहे की, धम्म विपुल. आले ते असे खुशीत की त्यांची बायको सांगते, पंधरा दिवस भाजीला नाव ठेवलं नाही माणसानं! आणि दहा दिवसांचं साठलेलं बोलणं सगळं आमच्यावर. पहाटे चारला घंटा. साडेचारला बसायचं. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, एखादं फळ, की संपलं. साडेनऊला दिवे बंद. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा, पेपर नाही, वही-पेनसुद्धा नाही. शेजारच्याशी डोळ्यांनीही बोलायचं नाही, त्याला आर्य मौन म्हणतात. अडचण आली तर शिक्षकांशी बोलता येतं, तेवढंच. पहिले तीन दिवस नाकाशी नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना, आणि मग तासभर मांडी हलवायची नाही की डोळा उघडायचा नाही. फी काही नाही, शेवटी वाटलं तर दान. सरकारी नोकरीत तर ह्यासाठी रजासुद्धा मिळते म्हणे.

'माणूस नवाकोरा होऊन येतो,' असं काका म्हणाले, आणि काकूंनी नेमकं तेवढंच उचललं. पोराचा मोबाईल सुटेल, ती मुलगी डोक्यातून जाईल, आणि हळूच, गोळ्याही सुटतील. बेलापूर नको म्हणाल्या, कुणीतरी ओळखीचं भेटायचं. इगतपुरीच बरं.

तर त्या दिवशी काकूंची पुतणी लॅपटॉप मांडीवर घेऊन फॉर्म भरत होती, काकू शेजारी बसून सांगत होत्या. सून ड्युटीवरून आली, चपला काढता काढता वाकून बघितलं फक्त.

'आई, मानसिक त्रास आहे का, इथं नाही लिहिलंय?'

'मग काय लिहू? पोराचं नाव खराब करू?'

'आणि औषधं?'

'लिहिलंय की. बी-कॉम्प्लेक्स.'

अहो, बी-कॉम्प्लेक्स! पुतणीनं लॅपटॉपमागे तोंड लपवलं. सून मात्र हसली नाही. पर्स खाली ठेवून तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, 'ह्याच्या आजारात झोप तुटली की झटका परत येतो, हे डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलंय ना? तुम्ही त्याला पहाटे चारला उठवणार, दिवसाचे दहा तास त्याच्याच डोक्यात त्याला एकटा बसवणार, वर गोळ्या घरी ठेवून पाठवणार. आणि तिथल्या शिक्षकांना ह्यातलं काहीच माहीत नसणार. त्यांनी ओळखायचं तरी कसं?' काकूंचा चेहरा असा उतरला... मला इथून दिसला.

पण काकू हार मानतायत होय! 'म्हणजे एवढी लाखो माणसं जातात ती वेडी?' सून म्हणाली, 'मी स्वतः जाऊन आलेय, मला फायदाच झाला. पण फॉर्म उगाच विचारत नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर हा त्यावरचा इलाज नव्हे, हे केंद्रवालेच सांगतात.'

आणि खरं आहे हो ते. ज्यांची ही शिबिरं, त्या गोएंका गुरुजींचीच गोष्ट घ्या. ब्रह्मदेशात जन्मलेला माणूस, मोठा व्यापार, आणि मायग्रेन असं की मॉर्फिन टोचून घ्यायची पाळी. देशोदेशीचे डॉक्टर झाले. मग १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. तेही काही जटाधारी नव्हेत, सरकारात अकाउंटंट जनरल! तर त्यांनी आधी नाहीच म्हटलं. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, म्हणाले. नंतर १९६९ ला गुरुजी हे सगळं घेऊन भारतात आले, १९७६ ला इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. हेही बँकवाल्या काकांनीच सांगितलं होतं, पण तेव्हा काकू वाटाणे सोलत होत्या.

मग सुनेनं मोबाईल काढला. अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल ह्या दोघांनी ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, २०१७ ला छापून आलं. कुणाची झोप उडाली, कुणाला नसते आवाज यायला लागले, कुणाला धडकी भरायची, कुणाला आपण आपण नाहीच असं वाटायचं. काहींचं चार दिवसांत ओसरलं, काहींचं वर्षानुवर्षं राहिलं. आणि त्यात आधी कधीच काही आजार नसलेलेही होते बरं का! सून प्रामाणिक हो, लगेच म्हणाली की ही माणसं त्रास झाला म्हणूनच निवडली होती, त्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडायचा नाही. पण ध्यान म्हणजे निव्वळ अमृत, कुणालाही कितीही पाजा, असं नाही एवढं तरी कळलं.

मला तर तो तळोज्याकडचा आठवला, आपल्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईंचा भाचा. केंद्र कुठलं ते विचारू नका, त्यांचा काय दोष, घरच्यांनीच सगळं लपवून पाठवलेला. सहाव्या रात्री उठून मोठमोठ्यानं बोलायला लागला, कुणीतरी आपल्याला बोलावतंय म्हणून. आणायला गेला त्याचा मामा. पुढं औषधं नीट झाली, आता कामाला जातो, काही नाही. पण तेव्हा बाई आठवडाभर गिरणी बंद ठेवून होत्या आणि आपण सगळ्या म्हणत होतो की मोटर जळलीय.

लपवतात का, हे काय मला सांगायला हवं? स्थळं यायची असतात ना! फॉर्मवर लिहिलं आणि कुणाला कळलं तर... आपल्या गल्लीत गोष्ट राहते का कुणाच्या पोटात?

आणि डोक्याचंच नाही हो, शरीराचंही बघावं लागतं. बँकवाल्या काकांना शुगर आहे. अकराला जेवायचं, पाचला चुरमुरे, की दुसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत काही नाही. त्यात रोजची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच घेतलं तर साखर धाडकन खाली यायची. ते आधी डॉक्टरांकडे गेले, डोस ठरवून आणला, फॉर्ममध्ये सगळं लिहिलं, तर खाण्याची सोय झाली आणि गुडघ्यासाठी खुर्चीही मिळाली. सांगितलं म्हणून मिळाली! प्रेशरची, थायरॉइडची, फिटची, कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे सुनेनं इतक्यांदा सांगितलं की पुतणीनं ते फॉर्मच्या खाली टाईप करू का म्हणून विचारलं.

पण खरी गंमत पुढेच. एवढं सगळं चाललंय आणि धाकटा दारात उभा. कधीपासून उभा होता कोण जाणे. म्हणाला, 'मला कुणी विचारलं का, जायचंय का म्हणून?'

झालं. काकू सुनेकडे, सून पुतणीकडे, पुतणी लॅपटॉपकडे. खरंच कुणी विचारलं नव्हतं हो! तिथं गेल्यावर दहा दिवस पूर्ण करीन असा शब्द द्यावा लागतो, आणि शब्द देणार कोण तर पोरगा, आणि ठरवणार आई! सून उठून त्याच्याजवळ गेली. 'जायचंय का तुला?' तर म्हणाला, 'झोप लागू दे आधी, मग बघू.' इतका शहाणा आहे तो, आपणच उगाच...

मग डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी सांगितलं, आत्ता अजिबात नाही, निदान काही महिने तब्येत स्थिर राहू दे, मग बोलू. तोवर सकाळी भावाबरोबर सेंट्रल पार्कला चालायला जातोय. कालच पाहिलं मी, रंग जरा बरा वाटला. आणि सुनेनं फ्रिजवर १४४१६ नंबर लावून ठेवलाय मोठ्या अक्षरांत. सरकारची टेलिमानस लाईन, मनाच्या त्रासासाठी, कधीही लावा, पैसे नाहीत. काकूंनी त्यावर लगेच कॅलेंडर लटकवलं. सुनेनं काढलं. काकूंनी परत लटकवलं. आता नंबर कॅलेंडरच्या वर आहे.

आणि हे तर राहिलंच! काकू स्वतः जाणारेत. हो हो, काकूच! भरलेला फॉर्म वाया कशाला घालवायचा, म्हणाल्या, नुसतं नाव बदल. पण सुनेनं पहिल्यापासून भरायला लावला. मग काय, प्रेशर लिहिलं, पित्त लिहिलं, ९८ सालचं ऑपरेशन लिहिलं, पावसाळ्यात दुखणारी टाच लिहिली. मानसिक ताण आहे का, ह्याच्यापुढे तर नणंदेबद्दल चांगल्या तीन ओळी सांगितल्या. 'आई, त्यांनी त्रास विचारलाय, कुणामुळे ते नाही,' म्हणून सुनेनं त्या पुसल्या. सून आंघोळीला गेल्यावर काकूंनी पुतणीकडून परत टाईप करून घेतल्या.