तीन मिनिटं

आमच्या सांगलीच्या घरात फोन घड्याळाखाली असायचा. ती जागा बाबांनी मुद्दाम निवडली होती. लोकल कॉलचा पल्स तेव्हा 180 सेकंदांचा. मिरजेच्या मावशीला फोन लावला की आई पदराला हात पुसत उभ्याउभ्याच बोलायची आणि तिसरं मिनिट भरायच्या आत "बरं, ठेवते गं" म्हणायची. उरलेलं बोलणं मावशी रविवारी आली की.

2006 साली आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. स्वयंपाकघरातून उठून, माजघर ओलांडून ती फोनपाशी पोचायची, तोवर रिंग थांबलेली. कॉर्डलेस घ्यायचं ठरलं.

हरभट रस्त्यावरच्या दुकानदारानं तीन फोन काउंटरवर मांडले. "मोकळ्या मैदानात 300 मीटर रेंज. घरात 50."

"मैदानात कोण बोलणार आहे?" बाबा म्हणाले. "आमच्या भिंती दीड हात जाड, दगडमातीच्या. त्यांचं सांगा."

दुकानदारानं भिंती सोडून रंगांचा विषय काढला. राखाडी आहे, निळा आहे.

"आणि लाइट गेली तर?"

"हँडसेटला बॅटरी आहे ना, काका!"

उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. हँडसेटला बॅटरी असते, पण ज्या बेसच्या जिवावर तो बोलतो तो बेस चालतो घरच्या विजेवर. आणि ते दिवस लोडशेडिंगचे. जुन्या वायरवाल्या फोनला मात्र विजेचं सुतक नसतं. त्याला लागणारे 48 व्होल्ट एक्स्चेंजमधून तारेतूनच येतात. हे बाबांना ठाऊक असावं, कारण राखाडी फोन घेतला तरी जुना त्यांनी घड्याळाखाली तसाच जोडून ठेवला.

रात्रभर चार्ज झाल्यावर हँडसेट स्वयंपाकघरात गेला. भिंतींनी थोडी खरखर केली, पण आवाज आला. तो मग कुठेही सापडू लागला: डाळीच्या डब्यामागे, देवघरात, एकदा वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी. बेसवरचं बटण दाबलं की कुठूनतरी किणकिणायचा आणि सगळं घर कान देऊन उभं राहायचं. खरा फरक वेगळाच होता. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. आई आता पाटावर बसून, मेथी निवडत, मावशीशी बोलायची. मेथीची जुडी संपली तरी बोलणं चालूच. बिल आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं.

एका दुपारी मावशीच्या सुनेचं प्रकरण ऐन रंगात आलं असताना लाइट गेली. हँडसेट मुका. आई "अगं, अगं" करत राहिली. मिनिटभरानं घड्याळाखालचा जुना फोन वाजला. बाबांनी उचलला. मावशीच होती, आणि सुनेचं पुढचं ऐकायला आता तेच हाताशी होते. ते "हं... हं..." करत ऐकत राहिले.

फोन मावशीनं केलेला. पल्स मिरजेत पडत होता. तरी बाबांची नजर काट्यावर, आणि तिसरं मिनिट भरत आलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, ठेवतो."